पहिला अजगर कोणता?

गेल्या श्रावणांत आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचें अमेरिकेंतील ओहायो राज्यांतून पत्र आलें. पत्र लांबलचक असून त्यांतील मजकूर बहुतेक कौटुंबिक होता : नवें घर, तीन वर्षांची मुलगी, नोकरींतील बढती. परंतु शेवटच्या परिच्छेदानें आम्हांस थबकविलें. ‘सर, मोठ्या जातीचा अजगर पाळावा असें बरेच दिवस मनांत आहे. पहिलाच असल्यामुळें कोणत्या जातीचा घ्यावा हें ठरत नाहीं. आपलें मत काय?’ सोबत एक छायाचित्र होतें. त्यांत हातभर लांबीचें, तपकिरी ठिपक्यांचें एक पिल्लूं आमच्या या शिष्याच्या मनगटाला कड्यासारखें बिलगलें होतें, आणि शेजारीं त्याची मुलगी एक बोट पुढें करून हंसत होती.

आम्हीं जन्मभर साहित्य शिकविलें. घरांत कधीं मांजरहि पाळलें नाहीं. तेव्हां हा प्रश्न आमच्याकडे मत मागण्यासाठीं आला नसून आशीर्वाद मागण्यासाठीं आला होता, हें उघड आहे. तो आशीर्वाद आम्हीं दिला नाहीं. कां दिला नाहीं हें चारचौघांपुढें सांगण्याचें कारण असें कीं, हा प्रश्न आतां आमच्या एकट्या विद्यार्थ्याचा राहिलेला नाहीं. अमेरिकेंत व युरोपांत या छंदाचीं प्रदर्शनें भरतात. आणि आपल्याकडेहि मुंबई-चेन्नईच्या विमानतळांवर प्रवाशांच्या सामानांत दडविलेलीं परदेशी अजगरांचीं पिल्लें वारंवार सांपडूं लागलीं आहेत. चोरून आणणारा असतो, याचा अर्थ घेणाराहि कोणीतरी असतो. आणि तो घेणारा अडाणी किंवा दरिद्री नसतो, हें सांगावयास नकोच.

या विषयावरील मार्गदर्शक लेखांची एक ठरीव धाटणी असते. स्थळांच्या टिपणांप्रमाणें त्यांत एकेका उमेदवाराचे गुणदोष मांडलेले असतात. ब्रह्मदेशी अजगर स्वभावानें शांत, म्हणून नवशिक्यास उत्तम. जाळीदार अजगर हुशार, पण चपळ आणि खादाड. आफ्रिकेचा खडकी अजगर तापट. दक्षिण अमेरिकेचा हिरवा ॲनाकोंडा पाण्यावांचून राहत नाहीं, म्हणून गैरसोयीचा. रंगाची हौस असेल तर पिवळाधमक ‘अल्बिनो’ मिळतो; जागेची अडचण असेल तर बेटांवरील बुटक्या जाळीदार अजगरांची संतति मिळते. नर घ्यावा, कारण तो मादीहून लहान राहतो. रानांतून धरून आणलेला घेऊं नये, पिंजऱ्यांत जन्मलेला घ्यावा. मेलेला उंदीर तो आपण होऊन खातो कीं नाहीं, हें दुकानदाराकडून समक्ष करवून पाहावें. सल्ला म्हणून यांतील एकहि गोष्ट खोटी नाहीं, हें आम्ही प्रारंभींच कबूल करतों. आमचा आक्षेप या उत्तरांवर नाहीं, प्रश्नावर आहे. ‘कोणता’ या एका शब्दानें ‘घ्यावा कीं नाहीं’ हा मूळचा प्रश्न सबंधच्या सबंध गिळून टाकला आहे. आणि गिळण्याच्या कामांत अजगराची बरोबरी करणारा शब्द आम्हीं आजवर दुसरा पाहिला नाहीं.

‘पहिला’ हा शब्दहि तितकाच फसवा आहे. पहिली सायकल असते, पहिली सतार असते. तिच्यावर हात बसेपर्यंत चुका होतात, गुडघे फुटतात, तारा तुटतात, आणि मग माणूस दुसरीकडे वळतो. चुकण्याची मुभा हाच ‘पहिल्या’ वस्तूचा अर्थ. ज्या प्राण्याबाबत चुकण्याची मुभाच नाहीं, तो कोणाचाहि पहिला होऊं शकत नाहीं.

आतां निवड म्हणजे नक्की कशाची निवड, तें पाहूं. दुकानांत आपण जें उचलतों तें हातभर पिल्लूं. ब्रह्मदेशी अजगराचें हें पिल्लूं भरपूर खाऊं घातल्यास वर्ष-दीड वर्षांत सहा-सात फुटांचें होतें. पुढें मादी बारा, चौदा, सोळा फुटांपर्यंत जाते, आणि तिचें वजन घरांतील कर्त्या पुरुषाच्या वजनाइतकें होतें. जाळीदार अजगर तर जगांतील सर्वांत लांब साप. अमेरिकेंतील कॅन्सस सिटी येथें ‘मेड्यूसा’ नांवाची अशी एक मादी २०११ सालीं मोजली गेली, ती २५ फूट २ इंच भरली. पिंजऱ्यांत या प्राण्यांचें आयुष्य वीस-पंचवीस वर्षांचें. म्हणजे आमच्या विद्यार्थ्याची तीन वर्षांची कन्या पदवीधर होऊन आपल्या संसाराला लागेल त्या दिवशींहि हा पाहुणा बापाच्या घरीं असावयाचा. आम्हांस असें विचारावेसें वाटतें कीं, दुकानदारानें मनगटावर पिल्लूं न देतां त्या मुलीच्या वीस वर्षांपुढील वयाचा व त्या सापाच्या वीस फूट लांबीचा हिशेब हातावर ठेवला असता, तर छायाचित्रांतील तें हंसें तसेंच राहिलें असतें काय?

त्याचा घरोबाहि समजून घेण्यासारखा आहे. निदान आठ फूट लांब व चार फूट रुंद असा मजबूत, कुलूपबंद पिंजरा हवा. त्याची एक बाजू सुमारें बत्तीस अंश उष्ण, दुसरी सहा-सात अंशांनीं थंड, म्हणजे रक्तांत स्वतःची ऊब नसलेला तो प्राणी आपल्या गरजेप्रमाणें सरकूं शकतो. हवेंत दमटपणा हवा, पण घाण सांचतां कामा नये. ओहायोच्या हिवाळ्यांत वीज गेली आणि ऊब गेली, कीं त्याच्या फुप्फुसांना विकार जडतो. आहार प्रथम उंदरांचा, मग घुशींएवढ्या मोठ्या उंदरांचा, शेवटीं सशांचा. हे सर्व गोठवून ठेवावयाचे, म्हणजे गृहिणीच्या शीतपेटींत एका कप्प्यांत मटार आणि दुसऱ्यांत ससे. त्याच्या विष्ठेंतून व कातडीवरून साल्मोनेला नामक जंतूंचा प्रसार होतो, आणि त्यांचा त्रास सर्वांत अधिक होतो तो पांच वर्षांच्या आंतील मुलांना. एवढे सोपस्कार निष्ठेनें करणारे लोक नाहींत असें आम्ही म्हणत नाहीं. आहेत, आणि त्यांच्या चिकाटीचें आम्हांस कौतुकहि वाटतें. परंतु अनुभवी पाळणाऱ्यांनीं स्वतःच घालून दिलेले नियम पाहा. आठ फुटांवरील अजगर एकट्यानें कधींहि हाताळूं नये. जसजशी लांबी वाढेल तसतशीं हाताळणारीं प्रौढ माणसें वाढवावीं. सशाला स्पर्श झालेल्या हातानें पिंजरा उघडूं नये. आंत हात घालण्यापूर्वीं लोखंडी आंकड्यानें त्याला हलकेंच स्पर्श करावा, म्हणजे ही भोजनाची वेळ नव्हे हें त्याला कळतें. वाचकांनीं हे नियम पुन्हां एकदां वाचावे. ज्याला ‘घरचा’ म्हणावयाचें, त्याच्यापाशीं दुसऱ्या माणसाच्या सोबतीवांचून जाऊं नये, हा त्याच्या शत्रूंनीं उठविलेला प्रवाद नसून त्याच्या मित्रांनींच घातलेला दंडक आहे!

यांत अजगराचा दोष तिळमात्र नाहीं, हेंहि लगेच सांगितलें पाहिजे. त्याच्या ओठांवर उष्णता जाणणाऱ्या खांचा असतात; जिभेनें तो गंध टिपतो. ऊब आणि भक्ष्याचा वास एकत्र आले, कीं तो झडप घालतो आणि वेटोळें आंवळतो. श्वास कोंडून तो मारतो असा जुना समज होता; परंतु २०१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या बोआ जातीच्या सापांवरील प्रयोगांत असें दिसून आलें कीं, त्या विळख्यानें भक्ष्याचें रक्ताभिसरणच कांहीं सेकंदांत कोलमडतें. हें सारें तो रागानें करीत नाहीं, कपटानें करीत नाहीं. त्याला आपला धनी आणि ससा यांतील भेद शिकविण्याची सोय निसर्गानें केलेली नाहीं, इतकेंच.

२००९ सालीं फ्लॉरिडांत दोन वर्षांची एक मुलगी पाळण्यांत झोंपली असतां घरांतल्याच ब्रह्मदेशी अजगरानें तिचा जीव घेतला. तो अजगर सोळा फुटी राक्षस नव्हता; अवघा साडेआठ फुटांचा, आणि अर्धपोटीं ठेवलेला होता. २०१३ सालीं कॅनडांतील कॅम्पबेलटन गांवीं आफ्रिकी खडकी अजगर रात्रीं हवेच्या नळींतून निसटला आणि शेजारच्या खोलींत झोंपलेल्या चार व सहा वर्षांच्या दोन भावांवर पडला. सकाळीं दोघेहि मेलेले आढळले. भागवतांत अघासुराची कथा आहे. तो अजगराचें रूप घेऊन आ वासून पडला, आणि गोपबाळांना तें तोंड खेळावयाची गुहा वाटलें. टाळ्या पिटीत, हंसत तीं आंत शिरलीं. आमच्या हातांतील छायाचित्रांत त्या मुलीचें पुढें केलेलें बोट आम्हांस वारंवार दिसतें तें यामुळेंच. फरक एवढाच कीं, कथेंत मागोमाग कृष्ण होता.

आतां प्रतिपक्षाचें म्हणणें ऐकूं. पहिलें म्हणणें असें कीं, कुत्र्यांच्या चाव्यानें दरसाल जितकीं माणसें मरतात, त्यांच्या मानानें अजगरानें मारलेलीं नगण्य आहेत. ही गोष्ट खरी आहे, आणि रस्त्यानें जाणाऱ्या तिऱ्हाइताला कोणाच्या पाळीव अजगराचें भय बाळगण्याचें कारण नाहीं, हेंहि खरें. परंतु कुत्रीं कोट्यवधि घरांत आहेत. आणि कुत्रा दहा हजारांहून अधिक वर्षें माणसाच्या अंगणांत राहून माणसाच्या स्वभावाशीं स्वभाव जुळवीत आला आहे. अजगर माणसाला फार तर सहन करतो. सहन करणें व जीव लावणें यांतील अंतर ज्याला कळत नाहीं, त्यानें प्राणीच काय, भाडेकरूहि ठेवूं नये.

दुसरें म्हणणें स्वातंत्र्याचें : घर माझें, पैसा माझा, पिंजरा माझा, इतरांस काय? या प्रश्नाचें उत्तर फ्लॉरिडाच्या एव्हरग्लेड्स नामक अफाट दलदलीनें दिलें आहे. १९९६ ते २००६ या काळांत अमेरिकेंत सुमारें ९९,००० ब्रह्मदेशी अजगर आयात झाले. ते सर्व पिल्लें असतांना गोजिरे होते. वाढल्यावर कांहीं धन्यांना ते जड झाले, आणि मारवत नाहीं म्हणून दयेपोटीं त्यांनीं ते रानांत सोडले. १९९२च्या अँड्र्यू वादळांत एका पैदासकेंद्राची पडझड झाली, तेथूनहि कांहीं निसटले असें मानतात. २००० सालीं शास्त्रज्ञांनीं मान्य केलें कीं, ते तेथें वीण घालूं लागले आहेत. पुढें काय झालें? २०१२ सालीं प्रसिद्ध झालेल्या पाहणींत, रात्रीं रस्त्यांवर दिसणाऱ्या प्राण्यांच्या गणतीवरून, रॅकून ९९.३ टक्क्यांनीं, ओपॉसम ९८.९ टक्क्यांनीं व बॉबकॅट नांवाचें रानमांजर ८७.५ टक्क्यांनीं घटल्याचें आढळलें. ससे तर दिसेनासेच झाले. २०२२ सालीं जाहीर झालेल्या एका मादीचें वजन २१५ पौंड भरलें, आणि तिच्या पोटांत १२२ अंडीं वाढत होतीं. २०२३च्या जुलैंत एकोणीस फुटांची दुसरी धरली गेली. सरकारनें शिकाऱ्यांना वेतन दिलें, स्पर्धा लावल्या, २३,००० हून अधिक अजगर तेथून काढले. तरी दलदल अजगरांचीच राहिली आहे. ‘माझें घर’ म्हणणाऱ्या प्रत्येकाच्या घराला एक मागचें दार होतें, आणि तें एव्हरग्लेड्समध्यें उघडत होतें!

कोणी म्हणेल, हा दोष बेजबाबदार धन्यांचा. सर्वांना शिक्षा कां? परंतु तो प्राणी सोडून देणारा धनी विकत घेतांना बेजबाबदार होता, असें मानण्यास कांहीं आधार नाहीं. त्यानेंहि मार्गदर्शक लेख वाचले असतील, पिंजरा मापून करविला असेल. नंतर नोकरी बदलली, मूल झालें, भाड्याच्या घराचा मालक बिथरला, पाठ दुखूं लागली. पंचवीस वर्षांत माणसाच्या आयुष्यांत जें जें सर्वसाधारणपणें घडतें, तेवढेंच त्याच्या आयुष्यांत घडलें. थकलेल्या कुत्र्यास घर मिळतें. सोळा फुटी अजगरास आनंदानें घर देणारे फार थोडे, आणि प्राणिसंग्रहालयांना आणखी एकाची गरज नसते. जो करार सामान्य माणसाचें सामान्य आयुष्य मोडून टाकतें, तो करार करणाऱ्याला बेजबाबदार ठरवून करारच निर्दोष ठरवावयाचा, ही कोणती न्यायबुद्धि?

आणि कायद्याचें म्हणाल तर कायदा अजगराच्या मागून सरपटतो आहे. अमेरिकेच्या मध्यवर्ती सरकारनें २०१२ सालीं ब्रह्मदेशी अजगरासह चार व २०१५ सालीं जाळीदार अजगर, हिरवा ॲनाकोंडा इत्यादि आणखी चार जाती उपद्रवी म्हणून ठरविल्या. आयात बंद झाली. परंतु तोंवर देशांतच पैदास जोरांत चालू होती, आणि २०१७ सालीं वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयानें निकाल दिला कीं, सलग भूमीवरील राज्याराज्यांतील त्यांची ने-आण या कायद्यानें रोखतां येत नाहीं. फ्लॉरिडानें पाळण्याची बंदी केली ती २०१० सालीं, म्हणजे दलदल भरून गेल्यावर. आमच्या विद्यार्थ्याच्या ओहायोंत २०१२चा कायदा आहे. त्याच्या आदल्या वर्षीं तेथील एका खाजगी संग्राहकानें वाघ-सिंह मोकळे सोडले व पोलिसांना ते गोळ्या घालून मारावे लागले, तेव्हां तो झाला. त्या कायद्याची अजगरांसंबंधींची मेख मोठी मासलेवाईक आहे. या मोठ्या जाती बारा फुटांच्या झाल्या म्हणजे परवाना लागतो. अकरा फुटांपर्यंत वाटेल त्यानें घ्यावें; जणूं अजगर कायदा वाचून अकराव्या फुटावर थांबणार आहे! ‘सरकारची मनाई नाहीं’ असें आमच्या विद्यार्थ्यानें पत्रांत अभिमानानें लिहिलें होतें. त्याच्या हातांतील कड्याला मनाई नाहीं, हें खरें. पण तें कडें वाढतें.

छंदिष्टांचें शेवटचें म्हणणें सर्वांत गोड आहे : आम्ही पाळतों म्हणून ही जात टिकते. वस्तुस्थिति अशी कीं, ईशान्य भारतापासून दक्षिण चीनपर्यंतच्या आपल्या मूळ मुलुखांत हाच ब्रह्मदेशी अजगर कातडें, मांस व व्यापार यांपायीं घटत चालला असून जागतिक यादींत संकटाच्या वाटेवरील म्हणून गणला गेला आहे. जेथें हवा तेथें दुर्मिळ, जेथें नको तेथें उदंड. आणि या दोन्ही टोकांना त्याची किंमत करणारा माणूसच. पिंजऱ्यांतील पिवळ्या अल्बिनोनें यांतील कोणतें टोक सुधारतें?

आमच्या देशानें या बाबतींत एक गोष्ट वेळेवर केली. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें आपला अजगर पहिल्या अनुसूचींत घातला. त्याला घरीं ठेवणारास तीन ते सात वर्षांची कैद होऊं शकते. शेतांत निघालेला अजगर सर्पमित्र उचलून रानांत सोडतात, आणि उंदीर-घुशी खाणाऱ्या त्या प्राण्याचें शेतकऱ्यावर ऋणच असतें. परदेशी जातींविषयीं २०२२च्या दुरुस्तीनें नोंदणीचें बंधन आलें. पण नोंदणी म्हणजे शहाणपण नव्हे. फ्लॉरिडानें पन्नास वर्षांत जो धडा रक्त सांडून घोकला, तो आम्हांस आमच्या गोदावरी-वैनगंगेच्या कांठीं पुन्हां पहिल्या ओळीपासून गिरवावयाचा आहे काय? आणखी एक गोष्ट येथें सांगितल्यावांचून राहवत नाहीं. २०१७ सालीं फ्लॉरिडानें तामीळनाडूंतील इरुळा जमातीचे दोन साप पकडणारे, मासी सदैयन व वडिवेल गोपाल, यांना बोलावून घेतलें. त्यांनीं दोन आठवड्यांच्या आंत तेरा अजगर धरले. त्यांत एक सोळा फुटी मादी होती. २०२३ सालीं त्यांना पद्मश्री मिळाली. सापांमध्येंच ज्यांचें आयुष्य गेलें, त्यांचें ज्ञान अजगर शोधून काढण्यासाठीं लागलें. आणि ज्यांनीं पुस्तकें वाचलीं होतीं, त्यांनीं अजगर तेथें नेऊन ठेवले होते. सुशिक्षितांनीं यावर थोडा विचार करावा.

आमच्या विद्यार्थ्याचें दुसरें पत्र आलें, त्यांत थोडा राग होता. ‘सर, आपण साहित्य शिकवितां, या प्राण्यांचें आपणांस काय माहीत?’ राग योग्य आहे. म्हणून साहित्याचाच आधार घेतों. महाभारताच्या वनपर्वांत अजगररूपी नहुषानें भीमाला विळखा घातला. दहा हजार हत्तींचें बळ असलेला तो भीम हालूं शकला नाहीं. सोडविलें तें युधिष्ठिरानें, आणि तेंहि गदेनें नव्हे, नहुषाच्या प्रश्नांना नीट उत्तरें देऊन. अजगराच्या बाबतींत बळ, पैसा आणि हौस यांचा उपयोग विळख्यापूर्वींच संपतो. उपयोगी पडतो तो प्रश्नाचा विवेक. तेव्हां पहिला अजगर कोणता, या प्रश्नाला आमचें उत्तर असें : जो रानांत आहे तो. त्याला पाहावयाचें असेल तर मुलीला घेऊन हिवाळ्यांत भरतपूरच्या केवलादेव उद्यानांत यावें. तेथें थंडीच्या दिवसांत ते बिळाबाहेर उन्हाला पडलेले असतात. वाट चुकूं नये म्हणून म्हातारा मास्तर बरोबर येईल. आणि तेथें त्या मुलीनें, वाटलें तर, लांबून बोट दाखवावें.